मुक्त सॉफ्टवेअरची बांधणी आणि पर्यायांची नोंद : तंत्रशिक्षण मंडळाच्या संचालकांस खुले पत्र

मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ,
वांद्रे (पूर्व), मुंबई, यांस



मंडळाने २०१७ साली ‘आय’ आणि २०२३ साली ‘के’ या नावांनी पदविका अभ्यासक्रमाच्या ज्या योजना अमलात आणल्या, त्या संगणक शाखेपुरत्या तरी मी लक्षपूर्वक वाचीत आलो आहे, आणि प्रात्यक्षिकाला व प्रकल्पाला लेखी परीक्षेच्या पंक्तीला बसविण्याची जी दृष्टी त्यांच्यामागे आहे तिच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. तथापि रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गावी संगणकाच्या प्रयोगशाळांतून ज्याच्या नोकरीचा बहुतेक काळ गेला, अशा माणसाला एक उणीव सतत जाणवत राहते व ती आपल्या कानांवर घालावी म्हणून हा पत्रप्रपंच आहे. आपला विद्यार्थी स्वतः लिहिलेला पाऊणशे ओळींचा प्रोग्राम कंपाइल करून दाखवितो, त्याचे उत्तर वहीत उतरवितो आणि तोंडी परीक्षा देऊन मोकळा होतो. परंतु दुसऱ्या कोणी लिहिलेले, शेकडो फाईलींत विभागलेले, खुल्या परवान्याखाली जगाला दिलेले एखादे सॉफ्टवेअर मूळ सोर्स कोडपासून बिल्ड करण्याची वेळ आली की त्याची जी त्रेधा उडते ती पाहवत नाही. आणि त्या त्रेधेचे मूळ बहुतांशी एकाच जागी असते : सॉफ्टवेअरचा एक भाग ज्या पर्यायांनी कंपाइल झाला, त्याहून वेगळ्या पर्यायांनी दुसरा भाग झालेला असतो, आणि ही तफावत कोठे शोधावी हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

गोष्ट प्रत्यक्ष उदाहरणावरून सांगितलेली बरी. या जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराखाली चिपळूण बुडाल्यापासून पावसाच्या अंदाजाचे कुतूहल येथील तरुणांत गप्पांपुरते राहिलेले नाही. प्रकल्पासाठी विषय शोधणारी मुले ‘डब्ल्यूआरएफ’ नावाच्या हवामान-प्रारूपाकडे वळताना मी पाहतो. अमेरिकेत बोल्डर येथील ‘एनकार’ या संस्थेच्या पुढाकाराने घडलेले हे प्रारूप सर्वांना खुले आहे, आपला भारतीय हवामान विभागही ते वापरीत आलेला आहे, आणि कोकणाएवढ्या टापूसाठी, जाळी फार बारीक धरली नाही तर, ते बऱ्यापैकी घरगुती संगणकावरही चालते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या महासंगणकाची सर त्याला येणार नाही हे उघड आहे. पण शिकण्यासाठी तेवढे पुष्कळ झाले.

अडचण येते ती बिल्ड करताना. प्रारूपाचा बहुतेक भाग फोरट्रान भाषेत व काही भाग सी भाषेत आहे; त्याला ‘नेटसीडीएफ’ ही माहिती साठविण्याची लायब्ररी लागते, समांतर चालवायचे तर ‘एमपीआय’ लागते, आणि त्याच्या पूर्वतयारीचा जो वेगळा भाग आहे त्याला चित्रांच्या संकोचनाच्या आणखी दोन-तीन लायब्रऱ्या लागतात. प्रारूपाच्या मार्गदर्शिकेत निक्षून बजावलेले आहे की या सर्व लायब्रऱ्या ज्या कंपायलरने तयार केल्या त्याच कंपायलरने प्रारूपही तयार करावे. मुले ती सूचना वाचतात, पण तिचे कारण ठाऊक नसल्यामुळे ती उपचारादाखल असावी असे मानून पुढे जातात. तयार मिळणारी नेटसीडीएफ एका आवृत्तीच्या कंपायलरने झालेली असते, संगणकावर मागाहून बसविलेला फोरट्रान कंपायलर दुसऱ्या आवृत्तीचा असतो, आणि बऱ्याच वेळाने पडद्यावर मजकूर येतो की ‘नेटसीडीएफ डॉट मॉड’ ही फाईल जीएनयू फोरट्रानच्या वेगळ्या आवृत्तीने निर्माण झालेली असल्यामुळे वाचता येत नाही. यापरते स्पष्ट उत्तर एखाद्या सरकारी दफ्तरातूनही मिळणार नाही. फोरट्रानमधील मॉड फाईल म्हणजे कंपायलरने स्वतःच्या सोयीसाठी केलेले टिपण असते. त्याची मांडणी त्या त्या कंपायलरची खासगी असते व काही आवृत्त्यांच्या गणिक ती बदलते. उपाय सरळ आहे : लायब्ररी हाताशी असलेल्या कंपायलरने पुन्हा बिल्ड करणे. परंतु एररच्या त्या एका ओळीचा अर्थ लावण्याची सवय नसलेला विद्यार्थी सगळे डिरेक्टरीसकट पुसून टाकतो, पुन्हा आरंभ करतो, पुन्हा तेथेच अडतो, आणि अखेरीस प्रकल्पाचा विषय बदलून मागतो.

महोदय, ही तफावत मी सौम्य समजतो, कारण ती बोलून दाखविते. खरी चिंतेची बाब आहे ती न बोलणाऱ्या तफावतीची.

फोरट्रान कंपायलरला एक पर्याय देता येतो, ज्यायोगे साध्या दशांश संख्या चार बाइटांऐवजी आठ बाइटांत साठविल्या जातात. अचूकता वाढावी म्हणून पुष्कळ जुन्या वैज्ञानिक प्रोग्रामांत तो दिलेला आढळतो. आता समजा, पावसाचे आकडे वाचणारी फाईल या पर्यायासह कंपाइल झाली आणि त्यांची बेरीज करणारी दुसरी फाईल त्याविना झाली. जुन्या पद्धतीच्या फोरट्रानमध्ये दोन वेगळ्या फाईलींतील या विसंगतीची दखल घेण्याची तजवीज कंपायलरपाशी नाही. लिंकर तर नावे तेवढी जुळवून पाहतो, आणि नावे जुळलेली असतात. सबब प्रोग्राम बिनतक्रार तयार होतो आणि बिनतक्रार चालतो. पहिल्या फाईलीने पाठविलेल्या यादीत प्रत्येक ठिकाणी १ हा आकडा असेल, तर आपल्या नेहमीच्या संगणकावर दुसऱ्या फाईलीला ती यादी ०, १.८७५, ०, १.८७५ अशी दिसते. कारण आठ बाइटांत लिहिलेल्या एकाचा पहिला अर्धा भाग सगळा शून्यांचा असतो आणि दुसरा अर्धा चार बाइटांच्या नियमाने वाचला की त्याचे मूल्य १.८७५ भरते. येथे कोणीही चूक केलेली नाही, कोठेही एरर आलेला नाही, आणि दापोलीचा पाऊस मात्र एक दिवसाआड शून्य झालेला आहे. आकडा अगदीच अचाट आला असता तर निदान संशय आला असता, १.८७५ हा आकडा तर चांगला प्रतिष्ठित दिसतो.

त्याच प्रारूपात बाइटांच्या क्रमाचीही अशीच एक अट आहे. पूर्वतयारीच्या भागातून निघणाऱ्या मधल्या फाईलींत प्रत्येक संख्येचा मोठ्या मोलाचा बाइट आधी लिहिलेला असतो. आपल्या टेबलावरचे संगणक मुळात याच्या उलट क्रमाचे. म्हणून ‘कन्व्हर्ट’ नावाचा पर्याय देऊन तेथील फाईली कंपाइल केल्या जातात. एखादा हुशार विद्यार्थी समुद्राच्या तापमानाचे स्वतः मिळविलेले आकडे त्या स्वरूपात लिहिण्यासाठी छोटासा प्रोग्राम करतो, तो उत्तम करतो, फक्त हा पर्याय द्यायचे त्याला माहीत नसते. फोरट्रान प्रत्येक नोंदीच्या आधी तिची लांबी लिहितो. पहिली नोंद एका पूर्णांकाची, म्हणजे ४ बाइटांची; पण उलट क्रमाने वाचणाऱ्याला त्या ४ च्या जागी ६,७१,०८,८६४ हा आकडा दिसतो, आणि वाचन तेथेच कोसळते. विद्यार्थी आपल्या प्रोग्रामातील सूत्रे तपासत बसतो. सूत्रांत काहीच वावगे नसते.

कंपायलरचा पर्याय म्हणजे वेग वाढविण्याची अगर वॉर्निंगा दडपण्याची कळ, एवढीच समजूत आपल्या पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेली आहे. काही पर्याय तसे असतातही. परंतु पूर्णांक किती बाइटांचा, एका फंक्शनने दुसऱ्याला मूल्ये कोणत्या रजिस्टरांतून द्यावयाची, स्ट्रक्चरमधील रकान्यांत अंतर किती सोडावयाचे, तारीख किती रुंद जागेत मावते, हेही काही पर्यायांनी ठरते, आणि ते ठरविणे हा दोन पक्षांमधला करार असतो. रत्नागिरीकरांना हे पंचांगाच्या दाखल्याने लवकर पटावे. लोकमान्य टिळकांचा जन्म या गावचा, १८५६ चा. आणि ज्यांच्या १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाला आजही तोड नाही ते शंकर बाळकृष्ण दीक्षित याच जिल्ह्यातील, दापोली तालुक्यातील मुरूडचे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी पटवर्धनी पंचांगात आरंभबिंदू रेवतीच्या एका विशिष्ट ताऱ्यापाशी धरला व टिळकांनी त्या पक्षाचा पुरस्कार केला. इतर पंचांगकर्त्यांनी चित्रेच्या आधाराने वेगळा बिंदू धरला. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. म्हणून काही वर्षी अधिक मास वेगवेगळे पडतात, आणि टिळक पंचांग पाळणाऱ्या कोकणातील घरांतून गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतो. दोन्ही पंचांगे आपापल्या ठरावाला धरून बरोबर चालतात. जो गृहस्थ अधिक मास एका पंचांगातून घेईल आणि चतुर्थी दुसऱ्यातून, त्याच्या गणपतीला मात्र कोणताच महिना सापडणार नाही. लायब्ररी एका ठरावाने आणि प्रोग्राम दुसऱ्या ठरावाने बिल्ड करणाऱ्याची स्थिती हुबेहूब तशी होते.

जगातील शहाण्या प्रकल्पांनी या धोक्यावर जी तोड काढली आहे ती अभ्यासण्याजोगी आहे, कारण तिचा रोख एकच दिसतो : तफावतीला वाचा फोडावी. २०११ च्या सी प्लस प्लस मानकानुसार अक्षरमालेच्या, म्हणजे स्ट्रिंगच्या, अंतर्गत रचनेत बदल करणे भाग पडले, आणि २०१५ साली जीसीसी कंपायलरच्या पाचव्या आवृत्तीने तो केला. तेव्हा नव्या रचनेच्या नावात त्यांनी एक जास्तीचा शब्द गुंफला, जेणेकरून जुन्या रचनेची लायब्ररी आणि नव्या रचनेचा प्रोग्राम चुकून जोडू पाहणाऱ्याला लिंकरनेच अडवावे. ‘अनडिफाइंड रेफरन्स’ असा जो एरर मुलांना शापासारखा वाटतो, तो त्या प्रसंगी पहारेकऱ्याचे काम करीत असतो. लिनक्सचा कर्नल आपल्या प्रत्येक मॉड्यूलवर आवृत्ती आणि काही मुख्य पर्याय यांची एक ओळ उमटवितो व ती जुळल्याखेरीज मॉड्यूलला आत घेत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसने २००६ पासून बाहेरून जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक लायब्ररीत अशीच एक खूण सक्तीची केली. इतकेच नव्हे, तर आपण स्वतः कोणत्या पर्यायांनी बिल्ड झालो हे विचारणाऱ्याला सांगणारा एक छोटा प्रोग्राम तो सोबत देतो, म्हणजे जोडकाम करणाऱ्याने अंदाज बांधू नये.

परंतु सर्वांत दूरदृष्टीचा प्रयत्न मला डेबियन या प्रकल्पाचा वाटतो. ३२ बिटांच्या यंत्रांवर वेळ मोजण्याची जुनी पद्धत १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, संपते. त्यापुढचा आकडा चार बाइटांत मावत नाही. म्हणून तारखेला आठ बाइट देण्याचा पर्याय निघाला. पण हा पर्याय काही लायब्रऱ्यांत लावला व काहींत लावला नाही तर स्ट्रक्चरांची लांबीच बदलते आणि शेजारच्या रकान्यातील मजकूर तारीख म्हणून वाचला जातो. डेबियनच्या मंडळींनी २०२४ मध्ये बाधित लायब्रऱ्यांची पॅकेजे नावे बदलून एकगठ्ठा पुन्हा बिल्ड केली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत ती सर्वांना दिली. इंटेलच्या जुन्या ३२ बिटी यंत्रांना त्यांनी यातून बुद्ध्याच वगळले, कारण त्या यंत्रांचा उपयोग आता मुख्यतः जुने प्रोग्राम चालविण्यापुरता उरलेला आहे. असा निर्णय घेण्यासाठी व्यवहाराची जी जाण लागते ती केवळ भाषेचे व्याकरण शिकवून येत नाही.

२०३८ साल दूर आहे असे कोणी म्हणेल. आज पदविकेला बसलेला विद्यार्थी तेव्हा तिशीत असेल, आणि मिरकरवाडा बंदरावरच्या एखाद्या बर्फघरात त्याने बसविलेला तापमान-नोंदक त्या सकाळी चालू असण्याची शक्यता बरीच आहे. अशा नोंदकांसाठी मुले रास्पबेरी पाय हे स्वस्त यंत्र वापरतात. तेथेही एक मौजेची गोष्ट आहे. २०१२ मध्ये ते यंत्र बाजारात आले तेव्हा आरंभी त्यावर चालणारी प्रणाली दशांश संख्या साध्या रजिस्टरांतून पाठविणारी होती. त्याच वर्षी रास्पबियन आली, ती दशांशांसाठी राखीव असलेल्या रजिस्टरांतून पाठविणारी. एका पद्धतीने कंपाइल झालेले फंक्शन दुसऱ्या पद्धतीच्या फंक्शनला हाक मारील, तर देणारा एका जागी ठेवील आणि घेणारा भलत्याच जागी शोधील. सुदैवाने एआरएम यंत्रांच्या ऑब्जेक्ट फाईलींत या पर्यायाची नोंद असते, व लिंकर ती वाचून जोडण्यास साफ नकार देतो.

प्रयोगशाळेत हमखास घडणारा आणखी एक प्रकार सांगतो. विद्यार्थी घरच्या नव्या संगणकावर ‘मार्च नेटिव्ह’ हा पर्याय देऊन प्रोग्राम तयार करतो. त्याचा अर्थ, या यंत्राला येत असतील तेवढ्या सर्व आज्ञा मनसोक्त वापर. परीक्षेच्या दिवशी तो प्रोग्राम प्रयोगशाळेतील जुन्या यंत्रावर चालवू जाताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढे दोन शब्द उमटतात आणि सगळे थांबते. इंटेलने २०१३ पासून आपल्या मुख्य चिपांत ज्या नव्या सदिश आज्ञा घातल्या, त्या पेंटियम आणि सेलेरॉन या नावांनी विकल्या जाणाऱ्या स्वस्त चिपांत कित्येक वर्षे नव्हत्या, आणि आपल्या प्रयोगशाळांची खरेदी कोणत्या चिपांची असते हे मी आपल्याला सांगावयास नको. परीक्षक म्हणतो, प्रोग्राम चुकला. विद्यार्थी शपथेवर सांगतो, घरी चालत होता. दोघेही खरे बोलत असतात. ‘फास्ट मॅथ’ हा पर्याय याहून दगाबाज आहे. अचूकतेच्या काही अटी सोडून वेग घेणारा हा पर्याय एखाद्या लायब्ररीने लावला, तर जीसीसीच्या तेराव्या आवृत्तीपर्यंत ती लायब्ररी ज्या प्रोग्रामात शिरेल त्या सगळ्याच प्रोग्रामाच्या गणितात अतिसूक्ष्म संख्या शून्य धरल्या जात; म्हणजे पर्याय एकाने निवडावयाचा आणि परिणाम न विचारलेल्याने भोगावयाचा.

येथे टर्बो सीचे स्मरण केल्यावाचून पुढे जाववत नाही. १९८७ साली बोरलँड कंपनीने ते बाजारात आणले, आणि योगायोग असा की रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी कंपायलरही त्याच वर्षी जगापुढे आला. आपल्याकडे मात्र कैक पिढ्या टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर वाढल्या. त्याची थट्टा करण्याचा आज प्रघात पडला आहे. मला ती पसंत नाही, कारण टर्बो सीच्या मेनूत या विषयाचा उत्तम धडा दडलेला होता. टायनी, स्मॉल, मीडियम, कॉम्पॅक्ट, लार्ज आणि ह्यूज अशी मेमरीची सहा मॉडेले तेथे निवडता येत. स्मॉलमध्ये पॉइंटर दोन बाइटांचा, लार्जमध्ये चारांचा. एका मॉडेलात कंपाइल झालेली फाईल दुसऱ्यातील लायब्ररीशी जोडली की काय होते, हे करून दाखविण्यास एका तासिकेहून अधिक वेळ लागला नसता. त्या मेनूत कोणी शिरले नाही. तो धडा न घेताच मुले जीसीसीकडे आली, आणि ३२,७६७ मध्ये एक मिळविल्यावर उणे ३२,७६८ मिळावयाचे ते आता का मिळत नाही, असे विचारू लागली.

आणि जीसीसी तरी कोठे स्थिर आहे? पर्याय न देणे हाही एक पर्यायच असतो, कारण न दिलेल्या ठिकाणी कंपायलर आपले गृहीत लावतो, आणि ती गृहीते बदलत जातात. मे २०२० मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीने एकच ग्लोबल व्हेरिएबल अनेक फाईलींत मोघमपणे जाहीर करण्याची जुनी मुभा काढून घेतली व फोरट्रानमध्ये विसंगत आर्ग्युमेंटांना एरर ठरविले; मे २०२४ मधील चौदाव्या आवृत्तीने घोषणेवाचून फंक्शन वापरणे सी भाषेत गुन्हा ठरविला; एप्रिल २०२५ मधील पंधराव्या आवृत्तीने सी भाषेचे २०२३ चे मानक गृहीत धरले. प्रत्येक वेळी काल बिल्ड होत असलेले शेकडो जुने प्रकल्प आज अडले. वॉर्निंग म्हणजे एररच समजा, असा हुकूम आपल्या मेकफाईलीत कायमचा लिहून ठेवणारे लेखक तर नव्या कंपायलरच्या प्रत्येक नव्या वॉर्निंगला परक्या माणसाचे बिल्ड बंद पाडतात. स्वतःच्या संगणकावर ती शिस्त ठीक, दुसऱ्यावर लादणे बरे नव्हे. यावर विद्यार्थ्यांत जो तोडगा पसरला आहे तो असा की, कोठून तरी एखादा पर्याय उचलावा, चिकटवावा, आणि एरर गेला की काम झाले असे समजावे. फोरट्रानमधील विसंगती चालू देणारा एक पर्याय असा फार लोकप्रिय आहे. एमपीआयसारख्या जुन्या लायब्रऱ्यांतील निरुपद्रवी विसंगतीसाठी तो योग्यही आहे. परंतु शून्य व १.८७५ च्या मघाच्या दाखल्यासारखी विसंगती एकाच फाईलीत असेल, तर तिला पकडणारा एकुलता एक पहारेकरी त्याच पर्यायाने झोपविला जातो. कोणती विसंगती निरुपद्रवी व कोणती घातक याची शहानिशा करता येणे, हे माझ्या मते पदविकाधारकाचे किमान शिक्षण होय.

आता मागणीकडे येतो. पदविकेच्या संगणक व माहिती तंत्रज्ञान शाखांत एक प्रात्यक्षिक असे ठेवावे की, ज्यात विद्यार्थ्याला एक लहान मुक्त सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारी एक लायब्ररी सोर्स कोडाच्या रूपात दिली जाईल. तो दोन्ही एकाच ठरावाने बिल्ड करील, मग मुद्दाम एका बाजूचा पर्याय बदलून काय घडते ते नोंदवील, आणि अखेरीस परीक्षकाने आधीच बिघडवून ठेवलेल्या जोडीतील तफावत शोधून काढील. साधने फुकट आहेत. जीसीसीला एक पर्याय दिला असता तो वापरलेले सारे पर्याय खुद्द ऑब्जेक्ट फाईलीतच लिहून ठेवतो, आणि ‘रीडएल्फ’ या हाताशी असलेल्या प्रोग्रामाने ते वाचता येतात; आपला कंपायलर या यंत्रावर कोणती गृहीते धरून बसला आहे, हे त्यालाच विचारता येते. या प्रात्यक्षिकाला नवा संगणक लागत नाही, परवाना लागत नाही, इंटरनेटही एकदा फाईली उतरवून घेतल्यावर लागत नाही, आणि राजापूर-मंडणगडाकडच्या मुलांच्या दृष्टीने ही शेवटची बाब गौण नाही.

दुसरी मागणी प्रकल्पाच्या अहवालाविषयी. आज अहवालात प्रस्तावना, आकृत्या, पडद्याची छायाचित्रे आणि ऋणनिर्देश असतो. सॉफ्टवेअर ज्या कंपायलरने, ज्या आवृत्तीने, ज्या पर्यायांनी आणि ज्या लायब्रऱ्यांसह तयार झाले त्यांची फर्द त्यात क्वचितच आढळते. ती परिशिष्ट म्हणून आवश्यक करावी, आणि बाह्य परीक्षकाने त्या फर्दीबरहुकूम प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर बिल्ड करून पाहण्यास काही गुण राखून ठेवावेत. पुढल्या वर्षीची मुले मागल्या वर्षीचा प्रकल्प पुढे का नेऊ शकत नाहीत, या आपल्याकडील चिरंतन तक्रारीचे अर्धे उत्तर या एका पानात आहे.

शिक्षकांना हे कोणी शिकवावे, असा प्रश्न निघेल. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेऊन देशभरातील अध्यापक तयार केल्याचा दाखला आहे. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने सी आणि सी प्लस प्लसचे पाठ मराठीतून उपलब्ध केलेले आहेत. मंडळाने मनावर घेतले तर याच साखळीत बिल्ड आणि लिंक यांवरचे चार पाठ जोडणे अवघड जाऊ नये. सगळे आता तयार कंटेनरात मिळते, मग हा खटाटोप कशाला, असाही आक्षेप मी ऐकला आहे. कंटेनर जरूर वापरावा. तो कोणीतरी बिल्ड केलेला असतो, आणि आपला पदविकाधारक तो कोणीतरी होऊ नये असे मंडळाचे म्हणणे असेल असे मला वाटत नाही.

सबब विनंती अशी की, ‘के’ योजनेच्या पुढील फेरतपासणीत संगणक शाखेच्या अभ्यासक्रम समितीपुढे हा मजकूर ठेवण्यात यावा, आणि निदान एका सत्रापुरते, प्रायोगिक तत्त्वावर, कोकण विभागातील दोन-चार तंत्रनिकेतनांत हे प्रात्यक्षिक सुरू करण्यास मंजुरी द्यावी. प्रात्यक्षिकाची पुस्तिका मराठीत लिहून देण्याचे काम मी विनामोबदला करीन; समितीने ती तपासून हवे ते फेरफार करावेत.



आपला नम्र,
एक सेवानिवृत्त अधिव्याख्याता
रत्नागिरी